बसमधली हेल्मेटं

रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये केमिस्टकाकांनी स्कूटरला इतक्या किक मारल्या, की शेजारची मोटार दया येऊन आपणच सुरू होते की काय, असं वाटायला लागलं. स्कूटर डावीकडे आडवी करून झाली, उजवीकडे आडवी करून झाली. प्लग काढून, पुसून, त्यावर फुंकर घालून परत बसवला. चोक ओढला, चोक ढकलला. शेवटी काकांनी तिच्या कानाशी, म्हणजे आरशाशी, तोंड नेऊन दोन गोड शब्दही सांगितले. स्कूटर फोटोला उभी राहावी तशी उभी.

पायरीवर काकू दोन हेल्मेटं आणि डब्यांची पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"अहो, ती कधीची बंद आहे. आजच कशी चालू होईल?"

"आज तरी तिला कळायला हवं होतं! आज प्रसंग काय आहे!"

प्रसंग मोठाच होता. काकांनी उभा जन्म औषधांच्या दुकानात काढला होता. सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं विचारायची, काका, ही गोळी जेवणाआधी की नंतर? दुकान बंद केलं आणि जगाचे सगळे प्रश्न एका दिवसात मिटले. काकांना कुणी काही विचारेना. ते गॅलरीत बसून रस्त्याकडे बघत, आणि घरात बोलायचं म्हणजे 'हूं'. मग कधीतरी त्यांना फोनवर जुन्या स्कूटरवाल्यांचा एक ग्रुप सापडला. 'दोन चाकं, एक जीव' असं त्याचं नाव. तिथे पुन्हा प्रश्न होते. पेट्रोलमध्ये ऑइल किती? क्लच केबल कुठून वळवायची? काका पानपानभर उत्तरं लिहू लागले आणि चार घास जास्त जेवू लागले.

या ग्रुपची एक रीत होती. तिथे माणसांचे फोटो चालत नसत. एकाने हौसेने स्कूटरशेजारी उभं राहून फोटो टाकला, तर लगेच तंबी मिळाली : 'मधला माणूस काढा, गाडी दिसत नाही.' आवाजही इंजिनाचेच पाठवायचे. त्यामुळे सगळे एकमेकांच्या गाड्या ओरखड्या-ओरखड्यांसकट ओळखत, पण गाडीवर बसणारं माणूस काळं की गोरं, कुणाला ठाऊक नव्हतं. नावंही टोपणच, आणि नंबर कुणाला दिसत नसत. ग्रुप चालवणारे 'धूर'. एक 'स्टेपनी'. एक 'वाकडं हँडल'. आणि रोज काकांना न चुकता काहीतरी विचारणारा एक 'हेडलाइट'.

एकदा धूर यांनी सवाल टाकला : 'एका किकमध्ये कुणाची सुरू होते?' काकांनी भरात लिहून टाकलं, 'माझी.' लिहिल्यावर थांबायचं, तर तेही नाही. लोकांनी आवाज मागितला. स्कूटर तर मुकी. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून काकूंचा मिक्सर रेकॉर्ड केला आणि दिला पाठवून. ग्रुप वेडा झाला. 'काय तो आवाज! कार्ब्युरेटर सेट करावा तर असा!' त्या दिवसापासून काकांचं नाव पडलं 'एक किक'. आणि तलावावरची सहल ठरली, पाच जणांनी होकार दिला, तेव्हा धूर यांनी जाहीर केलं : 'सर्वांनी आपापल्या स्कूटरने यावे. परतताना एक किक पुढे, बाकी मागे.'

"मी जात नाही," काका आता पार्किंगमध्ये फतकल मारून बसले. "त्यांना कळलं की मला काढून टाकतील. मग आहेच, गॅलरी नि मी."

"उठा बघू. बसने जाऊ. एक स्टॉप आधी उतरू नि चालत जाऊ. म्हणायचं, गाडी मागे झाडाखाली लावलीय."

"आणि परत निघताना?"

"परत निघायचं परत निघताना बघू."

बस बरीच रिकामी होती. काका खिडकीशी बसले, हेल्मेट पायांत लपवलं. काकूंनी आपलं मांडीवर घेतलं. मागच्या सीटवर एक गोल गरगरीत गृहस्थ होते, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्याही मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्ह्या बाळासारखं. गतिरोधक आला, टॉवेल घसरला आणि आतून हेल्मेट निघालं.

"बसमध्ये हेल्मेट?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"ड्रायव्हर बघितलात ना कसा चालवतोय? आपली काळजी आपण घ्यावी," मास्तर म्हणाले. "आणि तुमच्याकडे तर दोन-दोन!"

"भाचीला द्यायची आहेत. लग्नाचा आहेर."

"वापरलेली?"

"तिला जुन्या वस्तूंची आवड आहे."

काकूंना ठसका लागला.

पलीकडच्या सीटवर एक दणकट नर्सबाई शेंगदाणे खात होत्या. शेंगदाणे हेल्मेटात होते. "घरात वाटी सापडली नाही," कुणी काही विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. दाराजवळ बांबूसारखा उंच एक शिंपी उभा होता. त्याने हेल्मेट डोक्यावरच घातलं होतं, त्यामुळे त्याला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय हो, बस उलटणार आहे असं काही कळलंय का तुम्हाला? मलाही सांगा, मी उतरतो."

कुणी हसलं नाही. ज्याला त्याला आपापल्या खोटेपणाची चिंता. बरं, फोन काढून ग्रुपवर काही लिहावं, तर तेही शक्य नव्हतं. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हा ग्रुपचा कडक नियम, आणि सगळे या वेळी आपापल्या स्कूटरवर होते ना! तेव्हा सगळे हेल्मेटवाले नियम पाळून, फोनला हात न लावता, बसमध्ये गप्प बसले.

तलावाच्या आधीचा स्टॉप आला. काका उठले. मास्तर उठले. नर्सबाईंनी शेंगदाणे पर्समध्ये ओतले. शिंपी तर दारातच होता.

बस निघून गेली. रस्त्याच्या कडेला पाच माणसं, पाच हेल्मेटं. चालायला कुणीच सुरुवात करेना, कारण दुसऱ्याने आधी नजरेआड व्हावं, ही प्रत्येकाची इच्छा. मास्तर कुंपणाचा रंग तपासू लागले, नर्सबाई आभाळ बघू लागल्या. काकांनी पाठ फिरवून चोरून मेसेज लिहिला : 'पोहोचलो. गाडी सावलीत लावली आहे. वाटेत एकदाही बंद पडली नाही. तुमची वाट बघतोय.' आणि पाठवला.

टुंग. मास्तरांच्या खिशात वाजलं. टुंग. नर्सबाईंच्या पर्समध्ये. टुंग. शिंप्याच्या हेल्मेटात, कारण त्याने फोन तिथेच कानाशी खोचला होता.

योगायोग, काकांनी स्वतःला समजावलं. तोवर शिंप्याने फोन उपसून घाईघाईने उत्तर लिहिलं आणि काकांच्या हातातला फोन वाजला. वाकडं हँडल : 'एक किक, मी तुमच्या अगदी मागेच आहे.'

काकांनी मागे बघितलं. शिंपी खरंच अगदी मागे होता.

"तुम्ही... हँडल?"

"तुम्ही एक किक?" शिंप्याचा आवाज हेल्मेटात घुमला.

"थांबा, थांबा, कुणी हलू नका," मास्तर म्हणाले आणि त्यांनी एका बोटाने टाइप केलं : 'हजेरी द्या. धूर हजर.' सगळ्यांचे फोन वाजले. आणि सगळ्यात शेवटी काकूंच्या डब्यांच्या पिशवीतून, मघाशी गडबडीत विरून गेलेला, बारीक आवाज आला, टुंग.

"पिशवीत काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"भाजी," काकू म्हणाल्या.

"भाजी वाजते?"

काकूंनी मग डब्यांखालून फोन काढला आणि पदराने पुसला. "मी हेडलाइट," त्या म्हणाल्या.

आता काकांचं तोंड असं उघडं राहिलं, की त्यात हेल्मेट मावलं असतं. रोज प्रश्न विचारणारा, रोज 'धन्यवाद, फार छान समजावलंत' म्हणणारा हेडलाइट! ज्याच्या दिव्याच्या फोटोवर त्यांनीच भर ग्रुपमध्ये लिहिलं होतं, 'काच किती मळकी! तुमची गाडीवर मायाच नाही.'

"ती आपल्याच गाडीची काच होती," काकू म्हणाल्या.

"अगं, पण तुला कशाला हव्यात त्या क्लच केबली?"

"मला काय करायच्यात? घरात काही विचारलं तर तुम्ही हूं म्हणता. तिथं विचारलं की पानभर लिहिता. मी स्वयंपाकघरात बसून वाचते. बरं वाटतं. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचात ना, अगदी तसं."

काकांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि ते मास्तरांपुढे उभे राहिले.

"सगळंच सांगतो. माझी गाडी एका किकमध्ये काय, शंभर किकमध्ये सुरू होत नाही. तो आवाज मिक्सरचा होता. मला ग्रुपमधून काढून टाका."

मास्तर मटकन मैलाच्या दगडावर बसले. "मिक्सर? अहो, सबंध हिवाळा मी माझं इंजिन त्या आवाजाशी जुळवतोय! मेकॅनिकने मला दुकानाची पायरी चढायची बंदी केली. परवा तर घरच्यांनी विचारलं, गाडीतून चटणी वाटल्यासारखा आवाज का येतो!"

"मग जमलंच की तुम्हाला," नर्सबाई म्हणाल्या.

"जमलं. पण तेव्हापासून ती बंदच पडली."

"काढा मला," काका पुन्हा म्हणाले.

"यांना काढायचं, तर आधी मला काढा," नर्सबाईंनी शेंगदाण्यांची मूठ पुढे केली. "माझी गाडी भंगारात गेली, त्याला जमाना झाला. जवळ फक्त स्टेपनी उरलीय. पलंगाखाली ठेवलीय. तिचेच फोटो टाकते वेगवेगळ्या बाजूंनी."

सगळ्यांनी शिंप्याकडे बघितलं. त्याने एकदाचं हेल्मेट काढलं. "माझी चालू आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "फक्त भावाने घर वाढवलं, तेव्हा ती आतल्या खोलीत होती. आता दार लहान पडतं. रोज संध्याकाळी खोलीतच सुरू करतो नि बंद करतो."

आधी हसल्या त्या काकू. मग नर्सबाई, आणि मग मास्तर असे हसले, की दगडावरून घसरले. काका तेवढे हसले नाहीत. ते काकूंच्या हातातल्या फोनकडे बघत होते.

तलावावर झाडाखाली डबे उघडले. एकही स्कूटर नसलेली स्कूटरवाल्यांची ती सहल बरीच रंगली. चौघांच्या गाड्यांमधून एक धड गाडी कशी होईल, यावर इतकं भांडण झालं, की बदकंही किनारा सोडून मध्ये गेली. काकांना कुणी काढलं नाही. उलट मास्तरांनी त्यांना विचारलं, "मिक्सर कुठल्या नंबरवर होता हो?"

परतीच्या बसमध्ये काकूंनी सवयीने विचारलं, "दमलात का?" आणि 'हूं'ची वाट बघत खिडकीबाहेर बघू लागल्या.

"दमलो ना," काका म्हणाले. "पण काय झालं माहितीय, तू त्या दिवशी ऑइलचं विचारलं होतंस, त्यात एक सांगायचं राहिलं." आणि ते सुरू झाले. ऑइलवरून दुकानावर आले, दुकानावरून पहिल्या गिऱ्हाइकावर, गिऱ्हाइकावरून काकूंना पहिल्यांदा स्कूटरवर बसवलं त्या दिवसावर. स्टॉप आला, उतरले, बोलतच होते. जिना चढताना बोलत होते. पाय धुताना नळाच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होते. जेवताना त्यांचा घास हातातच राहिला.

काकूंनी हळूच फोन घेतला आणि ग्रुपवर प्रश्न टाकला.

हेडलाइट : 'इंजिन सुरू झालंय, ते बंदच होत नाही. उपाय सांगा.'

उत्तर स्टेपनीचं आलं : 'असू दे. पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा.'

काकूंनी फोन पालथा ठेवला, काकांच्या पानात थोडी भाजी वाढली आणि विचारलं, "मग? पुढे काय झालं?"