दोन यजमान

गजभिये काका कॉम्प्युटरला "या, बसा" म्हणतात. माणसाला नंतर. तुम्ही दारात घामाघूम उभे, हातातला खोका पेलवत नाही, आणि काका त्या खोक्याकडे पाहून म्हणणार, "या, या! लय दुरून आले दिसता. इकडे पंख्याखाली बसा."

शंकर नगरात ते आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. रायपूर राजधानी झालं तेव्हा काका सरकारी हपिसात होते. भोपाळहून जुने कॉम्प्युटर आले, इथे नवे घेतले, आणि जुन्यातलं नव्यात टाकायचं कसं ते कोणालाच ठाऊक नाही. सायेब लोक एकमेकांची तोंडं पाहत बसले. काकांनी कुठूनशी एक जाडजूड तार आणली, दोन्ही मशिनी जोडल्या आणि सगळ्या फायली इकडच्या तिकडे केल्या. तेव्हापासून ते साऱ्या पाऱ्याचे, म्हणजे मोहल्ल्याचे, तारवाले काका. पुढे ते रिटायर झाले, काकू गेल्या, घरात काका आणि तार एवढंच उरलं.

ही तार जोडली की दोन्ही पडद्यांवर इंग्रजीत एकच सवाल येतो: तुम्ही होस्ट की गेस्ट? काकांनी त्याचं आपलं मराठी करून टाकलंय. "जुनं ते यजमान, नवं ते पाहुणा. यजमान देते, पाहुणा घेऊन जाते. एवढं सोपं हाय, तरी शिकलेले लोक चुकते!"

आम्हीही चुकलो. मी शाळेत शिकवते. माझे सगळे पेपर जुन्या कॉम्प्युटरात होते आणि घरी नवा आला होता. दोन्ही मशिनी हातगाडीवर घालून आम्ही नवराबायको काकांकडे निघालो, तर शेजारीण विचारते, "घर खाली कर रहे हो क्या दीदी?" काकांकडे पोचलो आणि आमच्या ह्यांनी घाईघाईत दोन्हीकडे होस्टच दाबलं. दोन्ही पडदे नुसते थांबले. काकांनी जे फैलावर घेतलं!

"अवो, दोन्हीकडं यजमानच बसवले काय? दोघंही दार उघडून वाट पाहून राहिले. मंग येणार कोण, मी?"

चूक दुरुस्त झाली, पण ती तार म्हणजे मुंगीनं साखर न्यावी तशी. आधी पोहे आले, मग चहा, मग काकूंच्या हातचं शेवटच्या वर्षीचं लोणचं. सकाळी गेलेलो आम्ही दुपारी जेवूनच सुटलो. घरी येताना हे म्हणाले, "पुन्हा नाही बा!"

आता पेनड्राइव्ह आले. सदर बाजारातला दुकानदार काकांना हसून म्हणाला, "दादाजी, अब तार कौन लगाता है?" काका भर दुकानात ओरडले, "हम लगाते हैं! बंद करवाओगे?" आणि पेनड्राइव्हचं नाव जरी काढलं तरी त्यांचं एकच: "खिशात घालून नेते ते चोराचं काम. माणसानं दोघांच्या समोर, उजेडात न्यावं."

त्यांचा मुलगा प्रशांत हैदराबादला असतो. वर्षातून एकदा येतो, तोही बॅग न उघडता. मराठी सगळं समजतं, बोलतो हिंदीत. यंदाच्या हिवाळ्यात सकाळी आला तो संध्याकाळचं परतीचं तिकीट घेऊनच. आल्या आल्या जाहीर केलं: जुने फोटो लॅपटॉपमध्ये घेणार आणि चार वाजता कबाडीवाला येऊन जुना डब्बा घेऊन जाणार.

काकांनी फाटकाशी येऊन मला मोठ्यानं हाक मारली. "मास्तरीणबाई, या इकडं! हा माह्या घरात येऊन माह्याच मशिनीले डब्बा म्हणून राहिला!"

मी गेले तर प्रशांतच्या हातात पेनड्राइव्ह, आणि काका मशीन दोन्ही हातांनी धरून उभे.

"दो मिनट का काम है, बाबा."

"हात नाही लावाचा! फोटो पाह्यजेत तं तारेनं ने. नाही तं नको नेऊ."

"शाम को ट्रेन है."

"तं सुटू दे तुह्यी ट्रेन!"

मलाच राग आला. पोरगा वर्षानं आलाय आणि ह्यांचा हट्ट पाहा! म्हटलं, "काका, काहून छळता त्याले?" काकांनी मशीन आणखी घट्ट धरली.

शेवटी प्रशांतनं हार मानली. तारेचा स्क्रू आवळायला पेचकस शोधत त्यानं टेबलाचा खण ओढला, आणि आतून एक पाकीट बाहेर काढलं. न फोडलेलं. आत नवी कोरी, बारीक, निळी केबल.

"बाबा, ये तो दोनों में लगती है! इससे दस मिनट में हो जाता. आपको पता था?"

"हव."

"फिर?"

काका हनुवटी वर करून भांडणाच्याच आवाजात म्हणाले, "दहा मिनिटांत झालं का लोक दहा मिनिटांत उठते! तुही माय होती तवा लोक बिनकामाचे येऊन बसत होते. आता काम लागते, अन् ते काम लंबं लागते. तू बी दहाच मिनिटांत जाशीन. मले काय समजत नाही?"

प्रशांतनं पाकीट परत खणात ठेवलं, खण लावला, आणि ती जाडी तार स्वतःच्या हातानं लॅपटॉपला जोडली.

काकांनी आपल्या मशिनीवर यजमान केलं. लॅपटॉपच्या पडद्यावरही तोच सवाल आला.

"नवं ते पाहुणा," काका सवयीनं बोलले.

प्रशांतनं बाण आधी गेस्टवर नेला. मग त्यानं होस्ट दाबलं.

"मी पाहुणा नाय, बाबा," तो म्हणाला. मोडकंतोडकं, पण मराठीत.

दोन्ही पडदे थांबले. मला वाटलं, आता काका ह्याला फैलावर घेणार. काकांनी डोळे पुसले आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"असू दे," ते म्हणाले. "पाहू वाट."

मी पोहे टाकायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. चार वाजता फाटकाशी कबाडीवाल्याची घंटी वाजली. "भैया, डब्बा ले जाऊँ?"

प्रशांत जागचा हलला नाही. तिथूनच ओरडला, "आज नहीं, भैया! काम चालू है."