अंगणातले चाळीस मैल

मोटरसायकल म्हणजे मोठं घड्याळच, फक्त ते मनगटाला न बांधता मांडीखाली घ्यायचं! हे वाक्य घड्याळजीनं त्या वर्षी इतक्या वेळा म्हटलं, की त्याच्या बायकोला ते गळक्या नळासारखं ऐकूच येईनासं झालं.

कारण असं की, लेक सीमेपलीकडच्या देशात दिलेली. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी बाप तिच्या दारात एकदाही गेला नव्हता. प्रवासाचं नुसतं नाव निघालं, की तो एखादं घड्याळ उघडून बसे. दुकानातल्या स्टुलावरून तो उठे तो जेवायला आणि झोपायला. तिकडच्या गल्लीतल्या बायका लेकीला विचारत, वडिलांना स्टुलाला खिळे मारलेत का गं? लेक हसून वेळ मारून न्यायची. पण एकदा फोनवर हे सांगताना तिचा आवाज ओला झाला आणि बाप बोलून बसला, "सांग त्यांना, दोन महिन्यांनी येतोय. मोटरसायकल चालवत."

लेकीनं ते संध्याकाळच्या आत गल्लीभर वाटलं. मग घाईघाईनं पुन्हा फोन केला. "बाबा, एक राहिलंच. सासूबाईंनी तीस वर्षं..."

"घाबरू नका म्हणावं त्यांना," असं सांगून घड्याळजीनं फोन ठेवला.

सोबतीला दोघं तयार झाले. एक भूगोलाचे मास्तर. जगातले झाडून सगळे घाट त्यांनी पट्टीनं मोजलेले, पण शाळेचा जिना चढताना दोनदा टेकत. दुसरा बँडमधला मोठा ढोल वाजवणारा. त्याला सगळे ढोल्या म्हणत, आणि पाठमोरा पाहिला तर ढोल कोणता नि तो कोणता ते कळत नसे. परवाने तिघांकडेही होते. ते कसे मिळाले, हे देणाऱ्यालाच ठाऊक.

शिकण्यासाठी मेहुण्याची मोटरसायकल मिळाली, एका अटीवर. गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. मेहुणा घड्याळजीला चांगला ओळखून होता. घड्याळजीनं अट मान खाली घालून पाळली. गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी झालं आणि प्रवास सुरू झाला.

दोन महिने रोज संध्याकाळी तिघं आळीपाळीनं त्या गाडीवर बसले. ढोल्यानं तालावर पाठ करून घेतलं: क्लच दाब, गियर टाक, हळूच सोड, पुढं वाक! मास्तर शेजारी खुर्ची टाकून नकाशा वाचत, आता डावीकडं टेकडी आली, आता पूल आला. घड्याळजी हातातल्या घड्याळावर नजर ठेवून सांगे, आत्ता आपण अमक्या ठिकाणी असतो. एका संध्याकाळी तर ते पुरे चाळीस मैल गेले. कुणी पडलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. घड्याळजीच्या बायकोनं फिरत्या चाकाच्या वाऱ्यावर टॉवेल वाळत घातला आणि म्हणाली, "चाक फिरतंय ते दिसलं. तुम्ही कधी फिरणार?"

बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मास्तर हळूच म्हणाले. चहा मात्र तिच्याच हातचा पीत होते.

सीमेपर्यंत तिघं बसनं गेले. पलीकडे गेल्यावर भाड्याच्या मोटरसायकलींचं दुकान गाठलं आणि तिथल्या सगळ्यांत स्वस्त तीन गाड्या निवडल्या. त्या इतक्या जुन्या होत्या, की भाड्यानं देताना दुकानदारालाच लाजल्यासारखं झालं. त्यानं विचारलं, चालवता येते ना? उत्तरादाखल तिघांनी गाड्या ओळीनं स्टँडवर चढवल्या, बैठक मारली, इंजिनं सुरू केली. दुकानदार बघतच राहिला. तीन गाड्या, एक ताल. क्लच दाब, गियर टाक, हळूच सोड...

आणि मग तिघंही पुढं वाकले. अंगणातला स्टँड फरशीच्या खाचेत घट्ट बसलेला असे. इथं खाच नव्हती.

तिन्ही गाड्या स्टँडवरून उडी मारून अशा सुटल्या, जशी शाळा सुटल्यावर पोरं. मास्तर भूगोल विसरून समोरच्या गवताच्या गंजीत गडप झाले. ढोल्यानं वाटेतली ताडपत्री अंगावर घेतली आणि ती पांघरूनच पुढच्या वळणावर आडवा झाला. घड्याळजीनं मात्र डोकं शाबूत ठेवलं. अंगणात गाडी थांबवायची म्हणजे किल्ली फिरवायची. त्यानं किल्ली फिरवली. गाडी थांबली. अंगणात थांबल्यावर पाय टेकायची गरज कधी पडली नव्हती, म्हणून तो पाय वर ठेवून, ताठ, समाधानानं बसून राहिला. मग तो आणि गाडी दोघं मिळून सावकाश डाव्या कुशीवर झोपले.

"ही अशी पडते कशी काय?" पडल्या पडल्या त्यानं विचारलं. दुकानदार आत जाऊन पाणी प्यायला.

खरं तर तिथूनच परत फिरायचं. मास्तरांनी तसं सुचवलंही, कानातलं गवत काढत. पण घड्याळजीच्या डोळ्यांपुढं ती गल्ली होती आणि गल्लीत उभी लेक. परतीची बस पकडली, तर ते स्टूल तिला जन्मभर डोक्यावर वाहावं लागणार होतं. त्यानं गाडी उचलली आणि तो ती ढकलू लागला.

अशी ती सहल झाली. चढाला ढकलायची, उताराला बसायचं, सपाटीला कुणी बघत नाहीसं पाहून ढकलायची. तीन दिवस. मास्तर दर टेकडीला म्हणत, नकाशात ही एवढी नव्हती. तीन दिवसांत गाड्यांनी पेट्रोलचा थेंब मागितला नाही, आणि याहून कमी खर्चात परदेश कुणी पाहिला असेल, असं वाटत नाही.

तिसऱ्या दुपारी लेकीची गल्ली आली. मास्तर आणि ढोल्या कोपऱ्यावरच बसले, पाय सोडून. घड्याळजीनं गाडी फाटकापर्यंत नेली, इकडं तिकडं पाहिलं, स्टँडवर चढवली, जीव खाऊन हॉर्न वाजवला आणि जे त्याला जगात सगळ्यांत चांगलं येत होतं ते सुरू केलं. इंजिन गरजलं. चाक भिरभिरलं. दारादारांतून बायका बाहेर आल्या.

लेक वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन धावत आली. तिनं बापाकडं पाहिलं, मग चाकाकडं, मग चाकाखालच्या हवेकडं. लगेच तिनं टोपली गल्लीच्या बाजूनं बरोबर स्टँडच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः तिच्या बाजूला उभी राहिली. "आले माझे बाबा," ती गल्लीला म्हणाली. घड्याळजीच्या डोळ्यांत धूर गेला.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. त्यांच्यामागं भिंतीवर पुसटशी पाटी होती, ती त्याला आत्ता दिसली: मोटार व मोटरसायकल शिकवणी वर्ग.

विहीणबाईंनी टोपली पायानं जरा सरकवली, वाकून पाहिलं आणि पुन्हा जागच्या जागी लावली. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "व्याही आले हो, मोटरसायकल चालवत!" आणि त्याच्या कानाशी येऊन, "गच्चीवरून पाहत होते. उतारावर बरे बसता. आता मागं सरका. आणि थांबू तेव्हा पाय टेकायचे."

संध्याकाळी घरी फोन लागला.

"पोचलात?" बायकोनं विचारलं.

"पोचलो. आज गाव बघितलं. मोटरसायकलवरून, साठच्या वेगानं."

"पुढं कोण होतं?"

"विहीणबाई."

"मग येताना," बायको म्हणाली, "त्यांनाच म्हणावं, सीमेपर्यंत सोडा."