प्रकरण एकेचाळीस : न चिकटणाऱ्या पेशी

रायपुरात गुप्तहेर पुष्कळ असतील, पण गुप्त असल्यामुळे ते दिसत नाहीत. मी दिसतो. मी नरेंद्र खापेकर, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. हरवलेल्या पेट्यांचे चाळीस तपास माझ्या नावावर आहेत. त्यांतल्या काही पेट्या पुढे सापडल्याही. नजर घारीची, आणि नाक असं तीक्ष्ण की बारमाही सर्दी नसती तर मी दिल्लीत असतो.

एकेचाळिसावं प्रकरण आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू ज्ञानदा घेऊन आली. नागपूरची पोट्टी, इथल्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते.

"काका, तीन हप्ते झाले, माह्या पेशी काचेवर चिकटूनच नाही राहिल्या. शुक्रवारपर्यंत नाही चिकटल्या तर मॅडम माहं काम सचिनले देणार हायेत. दोन वर्षं पाण्यात."

तिचे डोळे भरून आले. मला गलबलून आलं. शिवाय संशयितही आयता मिळाला.

त्याच दुपारी लताला, म्हणजे माझ्या पत्नीला, सदर बाजारातून नवा स्टीलचा डबा घेऊन द्यायचा होता. तिचा लाडका डबा महिनाभर बेपत्ता होता. ती तक्रार मी नोंदवून घेतली नव्हती. फुटकळ प्रकरणं मी घेत नाही. तिला म्हटलं, वाटेत प्रयोगशाळेत पाच मिनिटं थांबू.

ज्ञानदानं एक यंत्र दाखवलं. मिक्सरहून जरा मोठं, आत जांभळा उजेड.

"हा प्लाझ्मा. काचेवर डोळ्याले न दिसणारा तेलकटपणा असते, तो यानं निघते. मंगच पेशी बसतात."

यंत्रातून नुकत्याच काढलेल्या काचेवर तिनं पाण्याचा थेंब टाकला. तो लगेच पसरला. मग काल साफ करून डब्यात ठेवलेली काच काढली. तिच्यावर थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला.

"हे सचिनचं काम," मी जाहीर केलं.

सचिन मागेच उभा होता. "अंकल, मैं तो पंद्रह दिन से डेंगू में पड़ा था. कल ही आया हूँ."

'आजारपण : संशयास्पद,' मी वहीत लिहिलं. दुसरा संशय भनपुरीच्या कारखान्यांच्या धुरावर. पण तो शिरायला खिडकी लागते, आणि त्या खोलीला खिडकीच नव्हती. तिसरा संशय खुद्द पेशींवर. चौकशीसाठी सूक्ष्मदर्शकात डोकावलो तर आत एक केसाळ, अक्राळविक्राळ जीव. ती माझीच पापणी निघाली.

शेवटी काचांच्या डब्यावर पावडर भुरभुरून ठसे घेतले. अंगठ्याचा एक ठसा जुन्या व्रणासकट माझ्या अंगठ्याशी तंतोतंत जुळला. मी निर्दोष असल्यामुळे डब्यालाही संशयितांतून वगळलं.

इतका वेळ स्टुलावर बसलेली लता उठली. डबा वर उचलून तिनं त्याचं बूड पाहिलं. तिथं कोरलेलं होतं : सौ. लता न. खापेकर.

"हा माहा डबा हाय," ती म्हणाली. "तुम्हीच तर यातून हिले चकल्या नेऊन देल्या होत्या."

हे माझ्या अजिबात लक्षात नव्हतं.

"परत काहून नाही केला वं?" तिनं ज्ञानदाला विचारलं.

"काकू, रिकामा डबा कसा परत करू? आणि काही करायले टाइमच नाही भेटला. मंग आतून घासून, स्पिरिटनं पुसून, काचाच ठेवत होती. झाकण घट्ट लागते न याचं."

लतानं झाकणातलं रबर नखानं उपसलं आणि आधी स्वतःच्या, मग माझ्या नाकाशी धरलं. चकली. माझ्या सर्दीलाही कळली.

"रबर काढून घासा लागते, पोरी. सारं तेल इथंच लपते. आन् डब्यात चिमूटभर साखर टाकली असती तरी झालं असतं."

"म्हंजे हेच तेल बंद डब्यात काचांवर बसत होतं," ज्ञानदा रबराकडे बघत म्हणाली. ती हसत होती की रडत होती, याचा तपास मला लागला नाही.

त्या दिवसापासून काचा झाकण असलेल्या काचेच्या बशीत राहू लागल्या. शुक्रवारी पेशी चिकटल्या, काम ज्ञानदाकडेच राहिलं. संध्याकाळी ती डबा घेऊन आली, साखरेनं काठोकाठ भरलेला. लताच्या गळ्यात पडली. मला लांबून नमस्कार केला.

मी वही काढली. प्रकरण सुटलं. गुन्हेगार : अज्ञात. लतानं माझ्या हातातून पेन घेतलं, 'अज्ञात' खोडून तिथं माझं नाव लिहिलं, आणि डब्यातली साखर घालून चहा दिला. तिनं उखाण्याव्यतिरिक्त माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं, म्हणून मी हरकत नोंदवली नाही.