साळवेकाकांचा सरदार

आमच्या कॉलनीत कुणाकडेही पाहुणा आला, की साळवेकाका चपला घालून दारात हजर. "चला, सरदार दाखवतो." पाहुण्याला पंचवटी बघायची असते, द्राक्षं न्यायची असतात. काका त्याला रिक्षात घालून जुन्या नाशकातल्या सरदारांच्या वाड्यात नेतात. त्या वाड्याचं आता संग्रहालय झालंय. सरदार जाऊन पिढ्या लोटल्या, पण काकांचं त्यांच्याशी भांडण अजून चालूच आहे.

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. "आपल्या हिशेबानं" हा त्यांचा लाडका शब्द. सरदारांच्या तैलचित्रासमोर उभे राहून ते म्हणतात, "मिशा बघून घ्या. आपल्या हिशेबानं बाकी काही बघण्यासारखं नाही." तलवारीपाशी आले, की म्हणतात, "हिच्यावर एक ओरखडा दाखवा. आमच्या घरची विळी हिच्यापेक्षा जास्त लढलीय." भल्यामोठ्या पलंगापुढे तर त्यांना फारच चेव येतो. "यांना पगारच झोपायचा होता."

दारावरचा रखवालदार एकदा हात जोडून म्हणाला, "काका, जरा हळू. परवा सरदारांचे वंशज आले होते."

"मग मला बोलवायचं. त्यांनाही दाखवला असता."

दिवाळीनंतर माझी आत्या पिंपळगावहून आली. काका आलेच. मीही सोबत गेले. दिवाणखाना संपेपर्यंत आत्या हसून हसून बेजार झाली. मग तिचे गुडघे दुखायला लागले, म्हणून मागच्या चौकात ओट्यावर टेकली. समोर एक लांबट, बुटकी खोली होती, कुलूप लावलेली.

"हितं काय व्हतं?" आत्यानं विचारलं.

"गोठा."

"मग याचं बी सांगा की कायतरी."

काका तिच्या शेजारी बसले.

"माझी आई इथं शेण काढायची, ताई. मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. आत पाऊल टाकायचं नाही. घरी आली की मला विचारायची, आत कसं असेल रे? मी शाळेत जायचो, म्हणजे मला सगळं ठाऊक असणार. मग मी ठोकून द्यायचो. झुंबरं आहेत, चांदीचा पाळणा आहे, बोलणारा पोपट आहे. रोज काहीतरी नवीन काढावं लागायचं."

"तिला खरं वाटायचं?"

"कुणास ठाऊक. पण हातपाय धुऊन ऐकायला बसायची."

"मग वाडा दावला का तिला?"

"हा सगळ्यांना उघडा झाला, तेव्हा ती नव्हती."

मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"माडी राह्यली ना, भाऊ?"

"जिना उंच आहे, ताई. राहू द्या."

"दावा तर."

काकांनी तिचा हात धरला. पायरी-पायरीवर थांबत दोघं वर गेली, मागून मी. वर खिडकीला नक्षीची चौकट होती. आता काका सरदारांची काय काढतात, म्हणून मी कान देऊन उभी राहिले.

काका आत्याला हळूच म्हणाले, "सागवान आहे. हात लावून बघा. कुणी काही म्हणणार नाही."