पलंगाला लागून पाळणा

“पण हा कोसळणार कधी, तेवढं सांगा,” पाळण्याचा कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवत तपासनिसाने विचारलं.

“कोसळत नाही हो,” दुकानातली बाई म्हणाली. “आजवर एकही कोसळलेला नाही.”

“म्हणजे अजून कोसळलेला नाही.”

बाईने त्याच्या आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. मुलगा लिफ्ट तपासायच्या नोकरीला लागल्यापासून तिने असे प्रसंग पुष्कळ पाहिले होते. जगातली प्रत्येक वस्तू केव्हातरी खाली येणारच, या एका श्रद्धेवर त्याची नोकरी चालत होती, आणि ती श्रद्धा तो ऑफिसात ठेवून घरी येत नसे. हॉटेलात बसण्याआधी तो खुर्ची उलटी करून बघायचा. लग्नातसुद्धा फोटो काढायच्या आधी त्याने स्टेजखाली वाकून खांब मोजले होते.

अशा माणसावर बायकोने पाळणा निवडायची जबाबदारी टाकली होती. गेले कितीतरी महिने तो पाळण्यांचा अभ्यासच करत होता. गजांमधलं अंतर किती असावं, गादी किती टणक असावी, कड्या कुठल्या धातूच्या असाव्यात, सगळं तोंडपाठ झालं होतं. घ्यायचा कुठला, तेवढं ठरत नव्हतं. मग एके दिवशी लेकीनेच कंटाळून अपेक्षेच्या बऱ्याच आधी जन्म घेतला. बायकोचं ऑपरेशन झालं, आणि आज संध्याकाळी दोघी घरी यायच्या होत्या.

सकाळी दवाखान्यात बायकोने त्याचा हात धरून सांगितलं होतं, “हे बघा, मला उठता येत नाही, वाकता येत नाही. पाळणा पलंगाला लागून हवा. हात सरकवला की बाळ. एवढंच. मी येईपर्यंत तो तयार हवा.”

एवढंच, असं ती म्हणाली होती खरी. पण दुकानात तो, त्याची आई आणि त्याचे सासरे असे तिघं येऊन उभे राहिले, आणि ‘एवढंच’ म्हणजे नेमकं केवढं, यावर तिघांचं एकमत होईना.

“हा झुलतो का?” आईने विचारलं.

“नाही आई, हा झुलत नाही. हा पलंगाला पट्ट्यांनी बांधतात.”

“झुलत नाही? मग तो पाळणा कसला, पेटी झाली ती! आणि आत उशी?”

“उशी नाही घालायची. दुलई नाही, खेळणं नाही, काही नाही. टणक, सपाट गादी आणि वर उताणं बाळ. नर्सने बजावून सांगितलंय.”

“बाळ आहे की कैदी रे?”

सासऱ्यांनी मधे पडायचं ठरवलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. कुठलाही वाद मिटवायला गेले की तिथे दोनाचे तीन वाद होत. “विहीणबाई, झुलण्यापेक्षा लाकूड महत्त्वाचं. जावईबापू, हे लाकूड कोणतं?”

“लाकूड चांगलं आहे, बाबा. प्रश्न उंचीचा आहे.”

“बरोबर,” दुकानातल्या बाईला हायसं वाटलं. “बाळाची गादी आणि तुमची गादी एका पातळीत हवी. मधे फट नको. तुमच्या पलंगाची उंची किती?”

शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टचे खड्डे किती खोल आहेत, हे तपासनीस झोपेतही सांगू शकला असता. पण ज्या पलंगावर तो झोपायचा, त्याची उंची त्याला ठाऊक नव्हती. घरी मोजायला कुणी नव्हतं. घरचे सगळे मोजणारे इथेच उभे होते.

मग त्याने एक शास्त्रीय उपाय काढला. दुकानातल्या एकेका स्टुलावर तो डोळे मिटून बसू लागला. एका स्टुलावर बसून पुटपुटला, “याहून जरा खाली.” दुसऱ्यावर बसून म्हणाला, “हं. रोज सकाळी चपला शोधताना असंच वाटतं.” आईने त्याच स्टुलावर बसून पाहिलं आणि जाहीर केलं, “छे! मी तुमच्या पलंगावर बसले की माझे पाय टेकत नाहीत.”

“बाबा, तुम्ही सांगा.”

“मी काय सांगणार? जावयाच्या पलंगावर मी कधी बसलोय?” सासरे म्हणाले.

“याची उंची कमीजास्त होते,” बाई घाईघाईने म्हणाली. दारात आणखी गिऱ्हाइकं ताटकळत होती, आणि एका छोट्या मुलीने तपासनिसाकडे बोट दाखवून “ते काका खेळतायत का?” असं विचारलंही होतं. “खाचा आहेत बघा. घरी जाऊन बसवा.”

तपासनिसाने खात्री करून घ्यायला बायकोला फोन लावला. सकाळपासूनचा हा कितवा फोन, ते त्याला आठवत नव्हतं. दवाखान्यात बायकोजवळ थांबलेल्या मेहुणीला आठवत होतं. “भावोजी,” ती म्हणाली, “ताईला आता डॉक्टर बघतायत. पाळणा घ्या, घरी जा. मी हा फोन बंद करतेय.” आणि तिने तो खरोखरच बंद केला.

घरी येईपर्यंत दुपार कलली होती. झोपायच्या खोलीत पाळण्याचे भाग पसरले तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला.

“लावायचा कुठल्या बाजूला? आमची मुलगी कुठे झोपते?” सासऱ्यांनी विचारलं.

“डावीकडे.”

“डावीकडे म्हणजे? उभं राहिल्यावर डावी, की झोपल्यावर डावी?”

तपासनीस पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. मग उशाशी जाऊन उभा राहिला. डावी बाजू प्रत्येक वेळी पलंगाच्या दुसऱ्या कडेला जाऊन बसत होती. शेवटी तो पलंगावर आडवा झाला, डोळे मिटले आणि हात पसरून बायको कुठे असते ते चाचपू लागला.

“मी बाहेर जाऊ का?” सासरे संकोचून म्हणाले.

“भिंतीकडे!” तपासनीस उठून बसला. “ती भिंतीकडे असते. मी दाराकडे. लग्नापासून असंच आहे.”

झालं! पलंग भिंतीला चिकटून होता. भिंत आणि पलंग यांच्यामध्ये पाळणा बसवायचा, तर पलंग दाराच्या बाजूला ओढणं आलं. आणि खोलीचं दार आत उघडत असल्यामुळे दाराचं फळकूट पलंगाच्या वाटेत येत होतं.

“अरे, दार लावून घे ना आधी,” आई म्हणाली, आणि तिनेच ते आतून लावून घेतलं. सासऱ्यांनी पायथा धरला, तपासनिसाने उशाकडची बाजू धरली. पलंग कुरकुरत सरकला आणि दारासमोर ऐसपैस येऊन बसला. मागे पाळण्याला हवी तेवढी जागा झाली. तिघांनाही आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

पाळणा जोडला. सर्वांत खालच्या खाचेत बसवला. तरीही बाळाची गादी मोठ्या गादीपेक्षा चार बोटं वर!

“माझे पाय टेकायला हवे होते म्हणजे,” आई विचारात पडून म्हणाली.

“पाळण्याचे पाय कापू,” सासरे म्हणाले.

“पाळण्याला हात लावायचा नाही, बाबा. मुळातल्या रचनेत बदल केला की सुरक्षिततेची हमी संपली.”

“मग पलंगावर आणखी एक गादी टाक,” आई म्हणाली.

“मऊ होईल. खचेल. मग मधे फट.”

शेवटी पलंगच उचलायचं ठरलं. खोलीतल्या फळीवर लिफ्टच्या सुरक्षानियमांचे जाडजूड खंड होते. सगळे एकाच बांध्याचे. तपासनिसाने ते आजवर पायाशी कधी ठेवले नव्हते, पण प्रसंगच तसा होता. सासरे आणि तो “हं… हं…” करत पलंगाचा एकेक पाय उचलायचे आणि आई खाली एकेक खंड सारायची. तिसऱ्या पायाला सासऱ्यांची कंबर धरली. चौथ्या पायाला आईचं बोट थोडक्यात वाचलं. पण पलंग खाली बसला आणि दोन्ही गाद्या अशा एका पातळीत आल्या, की वर गोटी ठेवली असती तर तिला कुठे जायचं ते समजलं नसतं.

पट्ट्या आवळल्या. तपासनिसाने मधल्या जागेत बोट घालून पाहिलं; बोट जाईना. पाळणा हलवून पाहिला, पाळणा हलेना. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखाद्या वस्तूला म्हणाला, “पास.”

तेवढ्यात बाहेर कुलपात किल्ली फिरली.

“आल्या!” आई दाराकडे धावली. तिने कडी काढली, दार ओढलं. दार वीतभर उघडलं आणि ठक्कन पलंगावर आदळलं.

तिघांनी पलंगाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग पुन्हा पलंगाकडे. जमिनीवर असता तर तो ढकलता आला असता. पण आता तो सुरक्षानियमांवर ठाम उभा होता.

“अहो, कुठे आहात सगळे?” बाहेरून बायकोचा थकलेला आवाज आला.

“आत,” तपासनीस म्हणाला.

“मग बाहेर या की.”

“त्यात एक तांत्रिक अडचण आहे.”

फटीत आधी मेहुणीचा डोळा दिसला. त्या डोळ्याने पलंग पाहिला, खंड पाहिले, कंबर धरून बसलेले वडील पाहिले. “ताई,” ती मागे वळून म्हणाली, “भावोजी अडकलेत. जगभरच्या लिफ्टमधून माणसं सोडवणारे आपले भावोजी, बाबांना आणि आईंना घेऊन खोलीत अडकलेत.”

“आई, तुम्ही तरी सरकून बाहेर येता का?” बायकोने विचारलं.

“मी काय पाकीट आहे का गं, फटीतून सरकायला?”

“पण पाळणा तयार आहे,” तपासनीस फटीला तोंड लावून म्हणाला. “एकदम समतल. तुझ्या बाजूला, भिंतीकडे.”

“अहो, मी भिंतीकडे कुठे झोपते? पोट वाढल्यापासून मी दाराकडे झोपतेय. सारखं उठावं लागायचं, तुम्हाला ओलांडून किती वेळा जाणार? आपण जागा बदलल्या ना! तुम्हीच तर उशी उचलून नेलीत.”

तपासनिसाने पलंगाकडे पाहिलं. आपण इतके दिवस भिंतीकडे तोंड करून का उठत होतो, याचा त्याला आत्ता उलगडा झाला.

एवढ्यात बाळ रडू लागलं. त्या आवाजाने आतले तिघंही एकदम दाराशी गोळा झाले. बायको दिवाणखान्यातल्या दिवाणावर हळूच टेकली आणि बाळाला जवळ घेत म्हणाली, “पाळणा सोडवा आणि एकेक भाग बाहेर द्या. मला फार वेळ बसवत नाही.”

मग वाद झाला नाही. तपासनिसाने पट्ट्या सोडल्या, स्क्रू काढले. कठडे, तळाची फळी, चारी पाय, शेवटी गादी उभी करून, असं सगळं फटीतून बाहेर गेलं. प्रत्येक भागाबरोबर त्याची एक सूचना जात होती आणि पलीकडून मेहुणीचं “हो भावोजी” येत होतं. तिने दिवाणाला लागून पाळणा उभा केला, खालच्या खाचेत बसवला. दिवाण उंच होता. दोन्ही गाद्या लागलीच जुळल्या.

“पट्टा आवळलास? फट नाही ना? बोट घालून बघ!”

“जात नाही बोट.”

“हलवून बघ.”

“हलत नाही.”

“मग उताणं ठेव. उशी—”

“नाही ठेवली उशी, भावोजी!”

बायको दिवाणावर कुशीवर झाली. तिने हात सरकवला. हात बाळापर्यंत पोचला. तपासनिसाला फटीतून एवढंच दिसत होतं: बायकोचा हात, पाळण्याचे दोन गज आणि त्यांच्यामधून एक लालसर, मुठीएवढीसुद्धा नसलेली मूठ. ती एकदा उघडली, मिटली. त्याने गाल फटीला आणखी दाबला.

“झोपली,” बायको कुजबुजली. “आता अजिबात आवाज नको.”

“अगं पण पलंग उतरवायचा तर दण्णकन आवाज होणार.”

“मग आता नका उतरवू. ती जागी झाली की उतरवा. मी सांगते.”

हुकूम पक्का होता. तिघंजण पाय वर घेऊन पलंगावर बसले. मधे आई, एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला तपासनीस. जावयाच्या पलंगावर बसायचा सासऱ्यांचा हा पहिलाच प्रसंग होता. आधी ते टोकावर बसले, मग कंबरेसाठी जरा टेकले, मग म्हणाले, “गादी बरी आहे हो.” आईने फक्त डोळे मिटले. तपासनीस मात्र कान टवकारून बसला. बाळ हललं तर समजायला हवं ना!

मेहुणी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. थोड्या वेळाने बाळाने डोळे उघडले आणि पाय झाडले. बायकोने हात सरकवून तिला थोपटलं, आणि दाराकडे तोंड करून हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, जागी झाली. उतरवा आता.”

आतून उत्तर आलं नाही.

“अहो?”

फटीतून एक घोरणं आलं. त्यावर दुसरं, जरा भारदस्त, मुख्याध्यापकी. आणि दोन्हींच्या मधून आईची बारीक शिट्टी.

बायकोने बाळाकडे पाहिलं. बाळ टक्क जागं होऊन आवाजाच्या दिशेने बघत होतं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

“श्शू,” ती लेकीला म्हणाली. “आत्ताच झोपलेत. उठवू नकोस.”