धोंडूआबांचा एकच प्रश्न

आमचे शेजारी धोंडूआबा कोणालाही पहिला प्रश्न विचारतात तो, "गाव कुठला?" केस कापायला बसले की आधी न्हाव्याचा गाव, मग कात्री. एकदा दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांचा हात तोंडात असतानाच त्यांनी विचारलं. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

आबा मूळचे पोलादपूरकडच्या एका डोंगरवाडीचे. उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत गेली. आता महाडात एकटेच असतात. सकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर बसून शहराची खानेसुमारी करतात. चहावाला नेपाळचा, फरशी बसवणारा राजस्थानचा, एमआयडीसीत पिंपं हलवणारे बिहार-ओडिशाचे.

"मास्तर, अर्धा महाड भायरून आलाय नि आपला अर्धा मुंबईला गेलाय," ते मला ऐकवतात. "हिसाब बरोबर."

ही तक्रार की समाधान, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नाहीत. माणसांना ते गावानंच हाक मारतात. "ए गोरखपूर, छत्री इसरलास रे," असं भर बाजारात ओरडतात. आमच्या समोरच्या खोलीत राहणारा, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला कामगार तर आल्या दिवसापासून 'गंजाम' आहे. आबांच्या मोबाइलमध्येही तो गंजामच. आमचे बोंबील चांगले की त्याच्याकडची सुकी मासळी, यावर दोघांचा वाद चालतो. एकाला धड हिंदी येत नाही, दुसऱ्याला मराठी, त्यामुळे तो मिटत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी एमआयडीसीकडे काळा धूर दिसला. एका कारखान्याला आग लागली होती. आबा बनियनवरच माझ्या दारात आले. "मास्तर, गाडी काढा. गंजाम तिथंच कामाला हाय. फोन वाजतोय, उचलत नाय."

गेटवर गर्दी होती. वॉचमन म्हणाला, "नाम बोलो."

गंजामच्या आईचा गुडघा दुखतो, बहिणीचं लग्न ठरलंय, घरामागं काजू आहेत, हे सगळं आबांना ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही येत नव्हतं.

"उंच हाय," ते हळूच म्हणाले. "हसताना मान खाली घालतो." मग त्या धुरातही त्यांना राहवलं नाही. "तुजा गाव कुठला?"

"छपरा," वॉचमन म्हणाला, आणि जरा नरमला. त्यानं आत फोन लावला. सगळे बाहेर पडले होते, कोणाला इजा नव्हती. तेवढ्यात आबांना ओळखणारा, गंजामच्या बरोबरचा एक कामगार गर्दीतून पुढे आला. "सुशांत को ढूँढ रहे हो, बाबा? उसकी आज छुट्टी है. सव गया है, गरम पानी में नहाने. मोबाइल कमरे पे है."

आबांनी गेटच्या खांबाला हात टेकला. मग म्हणाले, "चला, सवला."

"आबा, सुखरूप आहे तो."

"डोळ्यांनी बघू दे."

स्कूटरवर मागं बसून ते एकदम बोलायला लागले. "थोरला भाऊ होता माझा. माझ्या आधी गोदीत लागलेला. एक दिस कामावर पडला तो उठलाच नाय. बरोबरचे त्याला कोकण्या म्हणायचे. गाव कोणी इचारलाच नव्हता, मंग सांगावा कुठं धाडणार? आम्हाला कळला तवर त्याचा सगळा उरकलेला."

मी स्कूटर जरा हळू घेतली.

सवच्या गरम पाण्याच्या कुंडात सुशांत गळ्यापर्यंत बुडून निवांत बसला होता. आम्हाला पाहून चमकला. "आबा? क्या हुआ?"

"काय नाय," आबा म्हणाले. "पानी कसा हाय?"

"गरम."

आबांनी चपला काढल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि त्याच्या शेजारी काठावर बसून पाय पाण्यात सोडले.

"मास्तर, तुमी जावा," ते म्हणाले. "आमी येतो सावकाश."