खलनायकास हरकत नसल्याबाबत

गुन्हेगारी वाईट, याबद्दल कोणत्याही सुसंस्कृत समाजात दुमत नसते. वाद असतो तो गुन्हेगार कोणाला म्हणायचे, एवढ्या किरकोळ मुद्द्यावर. तो निकालात काढण्यासाठी हॉलिवूडच्या गोल्डन मेसा चित्रसंस्थेने १९३२ साली 'हरकत विभाग' उघडला आणि तिथे डॉर्कस पेल या कर्तव्यदक्ष बाईंना बसवले. (बाईंनी आयुष्यात एकही चित्रपट पाहिला नव्हता. नेमणुकीत याच गुणाला प्राधान्य होते.)

एल्मर हॅचवे हा संस्थेचा पटकथालेखक. दारूबंदीच्या त्या दिवसांत शहर पोखरणारी चोरट्या दारूवाल्यांची टोळी आणि तिला नडणारा प्रामाणिक सरकारी वकील, अशी त्याची फर्मास कथा. शुक्रवारपर्यंत ती मंजूर झाली नाही तर करार संपणार होता, आणि मग फ्रेस्नोला सासऱ्याच्या कारखान्यात सुक्या द्राक्षांच्या वड्या बांधत बसायचे. सासऱ्याने जावयाच्या मापाचा ॲप्रन शिवूनही ठेवला होता. हॅचवेला त्या ॲप्रनची मनापासून धास्ती होती.

"पेलबाई, झालं का हो आपलं?" सोमवारी त्याने विचारले.

"झालंच म्हणा. एकोणीस हरकती आहेत फक्त."

लाचखाऊ नगरसेवकाला नगरसेवक संघाची हरकत होती. त्याला पोलीसप्रमुख केला, तर पोलीस हितकारिणीचे पत्र आले. बँकवाला केला, तर त्याच दुपारी बँकवाल्यांचा वकीलच दारात. टोळीचा म्होरक्या इटालियन नको, आयरिश नको, ग्रीकही नको. शेवटी त्याला कुठल्याच देशाचा ठेवला नाही, त्यामुळे जेवणावरूनही ओळखू येऊ नये म्हणून तो पूर्ण कथेत उकडलेली अंडी खातो. (अंडी उत्पादकांचे पत्र बुधवारी आले.) खून फुलांच्या दुकानात चालेना, न्हाव्याकडेही चालेना. शहराचे नाव गाळले, तेव्हा सतरा शहरांनी स्वतंत्रपणे कळवले की हे बिननावाचे शहर म्हणजे आम्हीच. घाऊक भाजी व्यापारी मंडळाने मात्र पत्र धाडले नाही. त्यांचे दोन गृहस्थ बाईंच्या टेबलापाशी येऊन काही न बोलता पाऊण तास उभे राहिले. ही हरकत सर्वांत आधी मान्य झाली.

गुरुवारी दुपारपर्यंत सरकारी वकील रिकाम्या गोदामात भिंतीवर गोळ्या झाडतो, एवढीच कथा उरली. (गोदाममालकांचे पत्र वाटेत होते.)

"अरे बाबा, हा लढतोय तरी कोणाशी?" निर्माते लिंडाउअर ओरडले.

"साहेब, ज्याच्यासाठी कोणी पत्र लिहिणार नाही असा एक माणूस द्या मला. एकच!"

पेलबाईंनी कपाट उघडून यादी काढली. "संघटना नसलेले एकच आहेत इथे. तिकीट काढून येणारे."

हॅचवेने शुक्रवारी सकाळी नवा खलनायक हजर केला. हा चोरटी दारू घरपोच मागवतो, गाडीचा दंड ओळखीने रद्द करून घेतो, नळजोडणीसाठी पाकीट सरकवतो आणि रात्री जेवताना देश कुठे चाललाय म्हणून कळवळतो. त्याच्या टोळीची सभासदसंख्या होती शहराची लोकसंख्या वजा सरकारी वकील. हरकती: शून्य.

पॅसाडेनात चाचणी खेळ झाला. प्रेक्षकांना अभिप्रायाची कार्डे वाटली होती, त्यांपैकी तीनशे बारा परत आली आणि तीनशे बारांवर एकच मजकूर होता: खलनायक हुबेहूब आमच्या शेजाऱ्यासारखा आहे. करार आणखी तीन वर्षांसाठी वाढला. हॅचवे आनंदाने रडला.

चित्रपट फ्रेस्नोला लागला तेव्हा सासऱ्याचेही पत्र आले. 'शाब्बास, जावईबापू! आमच्या शेजारच्या ओल्सनला बरोब्बर पकडलंस. असल्या लोकांमुळेच दारूबंदी बुडते. सोबत वड्यांची पेटी पाठवतोय. पेटीवरची सूचना नीट वाच.' पेटीवर छापले होते: 'या वड्या पाण्यात विरघळवून एकवीस दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवू नयेत, वाइन होते.'

हे वाचताना तुमच्याही डोळ्यांसमोर एखादा शेजारी आलाच असेल. तोही आत्ता हेच वाचतो आहे, आणि बायकोला हाक मारून तुमच्या खिडकीकडे बोट दाखवतो आहे.